गर्दीचे धनी : एका फ्रेंच कंपनीच्या वाढीची कथा

बाजारात गेलो की आपल्याला दुकानदार दिसतो, माल दिसतो, गिऱ्हाईक दिसते. ज्याच्या जागेत हा सारा व्यवहार चाललेला असतो तो जागेचा मालक मात्र सहसा दिसत नाही. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतही उत्पादक, व्यापारी आणि ग्राहक यांची चर्चा पानोपानी असते. जागामालकाच्या वाट्याला खंडाच्या सिद्धांताचे एखादे प्रकरण येते आणि परीक्षा संपली की तेही विस्मरणात जाते. प्रस्तुत लेखात मी अशाच एका न दिसणाऱ्या मालकाची ओळख करून देणार आहे.

या मालकाचे नाव युनिबाय. ही फ्रान्समधील कंपनी. २००७ मध्ये ती युनिबाय-रोदाम्को झाली आणि २०१८ पासून युनिबाय-रोदाम्को-वेस्टफील्ड या लांबलचक नावाने ओळखली जाते. या कंपनीचे स्वतःचे कापडाचे दुकान नाही की पावाची भट्टी नाही. तरीही पॅरिस, माद्रिद, व्हिएन्ना, स्टॉकहोम, वॉर्सा, लंडन आणि लॉस एंजेलिस अशा शहरांतून रोज लक्षावधी माणसे तिच्या छताखाली खरेदी करतात. अर्धशतकात एवढा विस्तार कसा झाला, हा प्रश्न मला पडला आणि त्याचा मागोवा घेताना जे हाती आले ते आपल्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही जवळचे वाटेल, असा मला विश्वास आहे. कारण ही कथा वरवर पाहता जमाखर्चाची असली, तरी शहरातल्या गर्दीतून निर्माण होणाऱ्या संपत्तीवर हक्क कोणाचा, हा जुना प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

सुरुवात सावकारीतून

युनिबायची स्थापना १९६८ मध्ये व्होर्म्स या जुन्या फ्रेंच बँकघराण्याच्या पुढाकाराने झाली. फ्रेंच भाषेत 'बाय' म्हणजे भाडेपट्टा. हा शब्द कंपनीच्या नावातच आहे, पण तिचा मूळ धंदा मात्र आजच्या अर्थाने घरमालकीचा नव्हता. एखाद्या कारखानदाराला गोदाम हवे आहे, परंतु हाताशी रोकड नाही. अशा वेळी कंपनीने ते गोदाम आपल्या पैशाने बांधावे किंवा विकत घ्यावे आणि त्या कारखानदाराला दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावे. मुदत पुरी झाली की आधी ठरलेल्या किमतीला ती वास्तू त्याची व्हावी, असा हा व्यवहार. रूप भाड्याचे, आत्मा कर्जाचा. फ्रान्समध्ये या व्यवहाराला १९६६ च्या कायद्याने चौकट मिळाली. पाठोपाठ १९६७ मध्ये सरकारने अशा स्थावर कंपन्यांचा एक खास वर्ग निर्माण केला. या वर्गातील कंपन्यांना नफ्यावरील करात सवलत होती. अट एवढीच, की नफ्याचा मोठा भाग त्यांनी दरवर्षी भागधारकांना वाटून टाकावा. युनिबाय ही त्याच लाटेवर जन्मलेली कंपनी. १९७२ मध्ये तिचे शेअर पॅरिसच्या बाजारात आले.

सरकारने कर सोडावा आणि कंपनीने नफा वाटावा, हा सौदा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

मोटारीमागून आलेला बाजार

युनिबाय गोदामांना आणि कचेऱ्यांना पैसा पुरवत होती त्याच काळात फ्रान्समधला किरकोळ व्यापार मुळापासून बदलत होता. १९६३ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेस सँत-जन्व्हिएव्ह-दे-ब्वा येथे कार्फूर कंपनीने एकाच छताखाली अन्नधान्यापासून कपड्यांपर्यंत सर्व काही विकणारे अवाढव्य दुकान उघडले. बाहेर शेकडो मोटारी उभ्या करण्याची सोय होती. १९६९ च्या शरद ऋतूत नीस शहराजवळ 'काप ३०००' आणि व्हर्सायजवळ 'पार्ली २' ही अमेरिकी धर्तीची व्यापारसंकुले सुरू झाली. पार्ली २ उभारणारा विकासक रोबेर द बाल्कानी याला खरे तर आपल्या वसाहतीचे नाव 'पॅरिस २' ठेवायचे होते. पॅरिसकरांनी हरकत घेतल्यावर पॅरिस आणि शेजारचे मार्ली यांचा संधी करून त्याने 'पार्ली' असे नाव बनवले. दुसरे पॅरिस उभारण्याची ही हौस त्या काळाच्या उत्साहाची चांगली निशाणी आहे. पगार वाढत होते, घरोघरी मोटार आणि शीतकपाट येत होते. आठवड्याचा बाजार एकदम भरून आणणे शक्य झाले होते.

या बदलात भरडला गेला तो गल्लीतला लहान दुकानदार. सत्तरीच्या आरंभी जेरार निकू या तरुण दुकानदाराच्या नेतृत्वाखाली फ्रान्सभर निदर्शने झाली. त्यांची दखल घेऊन १९७३ च्या डिसेंबरात व्यापारमंत्री ज्याँ र्वाये यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. मोठ्या गावात दीड हजार चौरस मीटरपेक्षा आणि लहान गावात एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठे दुकान काढायचे तर स्थानिक समितीची परवानगी बंधनकारक झाली. १९९६ मध्ये ही मर्यादा आणखी खाली आणून तीनशे चौरस मीटर करण्यात आली.

हेतू लहान दुकानदाराला वाचवण्याचा होता. पण कायद्याचा एक परिणाम असा झाला, की ज्यांची संकुले आधीच उभी होती त्यांच्या दारात नवा प्रतिस्पर्धी येणे अवघड झाले. परवाना दुर्मीळ झाला आणि परवाना असलेली भिंत मौल्यवान झाली. लहानांच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण मोठ्या मालकांच्याच मळ्याला उपयोगी पडले. आर्थिक इतिहासात हेतू आणि परिणाम यांची अशी फारकत अनेकदा आढळते. हे तिचे एक ठळक उदाहरण म्हणावे लागेल.

पॅरिसच्या पोटात

नव्वदच्या दशकाच्या आरंभी भाडेपट्टा-कर्जाच्या कंपन्यांची करसवलत सरकारने काढून घेतली आणि जुन्या धंद्यातला रस संपला. फ्रान्समध्ये स्थावराच्या किमतीही त्या सुमारास कोसळल्या होत्या. १९९२ मध्ये लेआँ ब्रेस्लर हे युनिबायचे प्रमुख झाले. इतर लोक विकत होते तेव्हा त्यांनी विकत घेतले. सावकारी सोडून कंपनीला मालकीकडे वळवले. घेताना त्यांनी एक पथ्य पाळले. लहानसहान मालमत्ता विकून टाकायच्या आणि मोजक्या, पण अतिशय मोठ्या जागा धरायच्या. त्या दशकात कंपनीच्या पदरात पडलेल्या जागांपैकी सर्वांत महत्त्वाची म्हणजे पॅरिसच्या मध्यावरील फोरम दे आल.

या जागेचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. बाराव्या शतकापासून येथे पॅरिसचा मुख्य बाजार भरत असे. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात व्हिक्तोर बालतार या वास्तुविशारदाने त्यावर लोखंड आणि काचेचे देखणे मंडप उभारले. एमिल झोलाने १८७३ मधल्या आपल्या कादंबरीत या बाजाराला पॅरिसचे पोट म्हटले, आणि ती उपमा कायमची चिकटली. पुढे शहर वाढले, मालगाड्यांना गल्ल्या अपुऱ्या पडू लागल्या. १९६९ च्या मार्चमध्ये घाऊक बाजार दक्षिणेकडील रँजिस येथे हलवण्यात आला. १९७१ पासून लोकांच्या विरोधाला न जुमानता बालतारचे मंडप पाडले गेले. एक मंडप तेवढा नोजाँ-सूर-मार्न येथे नेऊन पुन्हा उभा केला आहे. मागे उरला तो एक प्रचंड खड्डा. कित्येक वर्षे पॅरिसकर त्याला नुसते 'आलचा खड्डा' म्हणत असत.

त्या खड्ड्याच्या तळाशी १९७७ च्या डिसेंबरात शातले–ले आल हे उपनगरी रेल्वेचे भूमिगत स्थानक सुरू झाले. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन्ही मार्गांचा तेथे संगम झाला. स्थानकाच्या वरच्या थरांत, जमिनीखालीच, ४ सप्टेंबर १९७९ रोजी फोरम दे आल हे व्यापारसंकुल उघडले. या स्थानकातून दिवसाला सुमारे साडेसात लाख प्रवासी ये-जा करतात असे सांगितले जाते. उपनगरांतील स्वस्त वसाहतींत राहणारी, पॅरिसमध्ये घर न परवडणारी तरुण पोरे एका तिकिटात थेट राजधानीच्या मध्यावर येऊन उतरतात. सरकत्या जिन्याने वर यायचे तर वाट दुकानांवरून जाते.

शहराच्या पश्चिमेला ला देफाँस येथेही तोच प्रकार दिसतो. सरकारने आखलेले कचेऱ्यांचे उपनगर, १९७० मध्ये तेथवर आलेली रेल्वे आणि १९८१ मध्ये उघडलेले 'कात्र ताँ' हे संकुल. तेही युनिबायकडे आले. त्याला लागूनच, २१८ मीटर लांबीच्या अखंड सिमेंटच्या कमानीखाली १९५८ मध्ये उभारलेले प्रदर्शनगृहही पुढे कंपनीच्या मालकीचे झाले.

खंडाचा सिद्धांत आणि आमच्या गावचे स्टँड

येथे मला रिकार्डोची आठवण होते. १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने शेतजमिनीच्या खंडाविषयी जे सांगितले त्याचा सारांश आपण सर्वांनी उत्तरपत्रिकेत लिहिलेला आहे : सुपीक जमिनीचा मालक काही वेगळे कष्ट करतो म्हणून त्याला जास्त खंड मिळत नाही, जमीन सुपीक आहे आणि तशी जमीन थोडी आहे, म्हणून मिळतो. शहरात जमिनीचा सुपीकपणा म्हणजे तिच्यावरून जाणारी माणसे.

हे समजायला पॅरिसलाच जायला हवे असे नाही. आमच्या तालुक्याच्या गावी माझ्या वडिलांचे वह्या-पुस्तकांचे दुकान एस. टी. स्टँडच्या समोर आहे. वडील सकाळी सहाला दुकान उघडतात, रात्री नऊला बंद करतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण त्याच कष्टांवर गावाच्या दुसऱ्या टोकाला आमचे चुलते जे दुकान चालवतात त्याचा गल्ला निम्मासुद्धा होत नाही. फरक आहे तो स्टँडचा. स्टँड गावाबाहेर नेण्याची बोलणी मधूनमधून निघतात तेव्हा घरी दोन-दोन दिवस जेवणावर कोणाचे लक्ष नसते. आमच्या गाळ्याचे मालक मात्र दर करारात भाडे वाढवताना "स्टँडसमोरची जागा आहे" एवढेच म्हणतात. स्टँड महामंडळाने बांधले, रस्ता पालिकेने केला, गर्दी पंचक्रोशीतल्या उतारूंची. भाडे मात्र मालकांचे. त्यात त्यांनी काही गैर केले असे मी म्हणत नाही. खंड असाच चालतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

आमच्या गावात जे अजाणता घडते ते युनिबायने शास्त्रशुद्ध रीतीने केले. फ्रान्समध्ये दुकानाचा भाडेपट्टा १९५३ पासूनच्या नियमांनुसार निदान नऊ वर्षांचा असतो. दर तीन वर्षांनी भाडेकरूला सोडून जाण्याची मुभा असते आणि मुदत संपल्यावर मालकाने नूतनीकरण नाकारले तर सहसा भरपाई द्यावी लागते. त्यामुळे चांगल्या गाळ्याच्या ताब्यालाच किंमत येते. आपल्याकडच्या पागडीसारखी रक्कम तिकडेही प्रवेशाच्या वेळी मोजली जाते. संकुलातील भाड्याचे मात्र सामान्यतः दोन भाग असतात. एक भाग ठरलेला, महागाईच्या निर्देशांकाबरोबर वाढणारा. दुसरा दुकानाच्या विक्रीवर टक्केवारीने आकारलेला. याखेरीज झाडलोट, दिवाबत्ती, पहारा आणि जाहिरात यांची वर्गणी वेगळी.

विक्रीवर टक्केवारी घ्यायची म्हणजे प्रत्येक गाळ्याचा गल्ला मालकाला कळतो. कोणते दुकान मंदावले, कोणाला जिन्याजवळ आणावे, कोणाला मुदत संपताच निरोप द्यावा, हे त्याला दुकानदाराइतकेच, कधी कधी त्याच्या आधी समजते. ज्याच्या नावावर लोक लांबून येतात अशा बड्या दुकानाला तो कमी भाड्यात जागा देतो आणि त्या दुकानाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या लहान गाळ्यांकडून दर चौरस मीटरला कितीतरी जास्त भाडे घेतो. युनिबायचे कसब या व्यवस्थेत आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. नुसती गर्दी तर सगळ्याच स्थानकांत असते. तिला थांबवणे, वळवणे आणि तिचे मोल ठरवणे ही विद्या या कंपनीने आत्मसात केली.

वाढीचे गणित

२००३ मध्ये जुना सौदा नव्या रूपात परतला. सूचीबद्ध स्थावर कंपन्यांसाठी फ्रान्सने नवा कायदा केला. कंपनीने एकदाच ठराविक कर भरून या वर्गात यावे. त्यानंतर भाड्याच्या नफ्यावर तिला कंपनीकर नाही. मोबदल्यात त्या नफ्याचा निदान ८५ टक्के भाग भागधारकांना वाटायचा. ही अट पुढे ९५ टक्के झाली. युनिबायने हा मार्ग लगेच स्वीकारला.

आता यात एक मेख आहे. जवळजवळ सगळा नफा वाटून टाकायचा, तर वाढण्यासाठी पैसा आणायचा कोठून? एक तर नवे शेअर काढायचे, नाही तर काही मालमत्ता विकायची, नाही तर कर्ज काढायचे. कर्ज सर्वांत सोपे, कारण तारण म्हणून जागा होतीच. या जागेची किंमत कशी ठरते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका संकुलाचे वार्षिक भाडे दहा कोटी आहे. गुंतवणूकदार अशा जागेवर पाच टक्के उत्पन्नाची अपेक्षा करत असतील, तर किंमत दोनशे कोटी. पुढे बाजारातला व्याजाचा दर उतरला आणि लोक चार टक्क्यांवर समाधानी झाले, तर त्याच दहा कोटींच्या भाड्याची किंमत अडीचशे कोटी होते. एक वीट वाढली नाही, एक गिऱ्हाईक वाढले नाही, तरी कागदावर पन्नास कोटींची वाढ झाली. मालकावर शंभर कोटींचे कर्ज असेल, तर कालपर्यंत निम्मे वाटणारे ते कर्ज आज चाळीस टक्केच दिसते. सावकार म्हणतो, आणखी घ्या.

याच गणिताचे चाक उलटे फिरले तर काय होते? गुंतवणूकदार सव्वासहा टक्के मागू लागले, तर किंमत एकशेसाठ कोटींवर येते. कर्ज मात्र शंभर कोटींचेच राहते. चाळीस टक्क्यांवरून ते एकदम साडेबासष्ट टक्के होते. त्यात भाडे बुडू लागले तर विचारायलाच नको.

२००७ मध्ये, गिय्योम प्वात्रिनाल प्रमुख असताना, युनिबायचे नेदरलँड्समधील रोदाम्को युरोप या कंपनीशी विलीनीकरण झाले आणि मध्य युरोप, स्पेन, स्वीडन येथील संकुले एका छत्राखाली आली. पुढच्या वर्षी जगभर आर्थिक पेचप्रसंग आला, पण मोठ्या शहरांतील मोठ्या जागा बाळगण्याचे पथ्य कंपनीच्या कामी आले. त्यानंतर जर्मनी आणि पोलंडमध्ये खरेदी झाली, २०१५ मध्ये स्टॉकहोमजवळ 'मॉल ऑफ स्कँडिनेव्हिया' हे नवे संकुल उघडले. २०१४ ते २०२२ या काळात युरोपच्या मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरील दर शून्याच्याही खाली होता. पैसा इतका स्वस्त झाला, की जागांच्या किमती वर्षामागून वर्षे चढत राहिल्या.

घास मोठा झाला

१२ डिसेंबर २०१७ रोजी कंपनीने वेस्टफील्ड विकत घेण्याचा बेत जाहीर केला. वेस्टफील्डचा संस्थापक फ्रँक लोवी हा १९३० मध्ये तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात जन्मलेला ज्यू. नाझींच्या छळातून तो वाचला, त्याचे वडील मात्र आउशविट्झच्या छावणीत मारले गेले. १९५२ मध्ये तो ऑस्ट्रेलियात आला आणि जॉन साँडर्स या दुसऱ्या निर्वासिताबरोबर सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरात खाद्यपदार्थांचे दुकान चालवू लागला. १९५९ मध्ये दोघांनी तेथे पहिले व्यापारसंकुल काढले. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या लोवीने विकायला काढलेल्या कंपनीत लंडनची दोन भव्य संकुले आणि अमेरिकेतील तेहतीस मॉल होते. कर्जासह व्यवहाराची किंमत सुमारे २४.७ अब्ज डॉलर्स ठरली आणि जून २०१८ मध्ये तो पुरा झाला. नव्या समूहाकडे शंभरावर संकुले आली. कागदावर हा जगातल्या सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक झाला.

माझ्या मते याच ठिकाणी कंपनी आपल्या वाढीचे मूळ विसरली. लंडनची दोन्ही संकुले रेल्वेला बिलगलेली आहेत. स्ट्रॅटफर्डचे संकुल तर २०१२ च्या ऑलिंपिकसाठी सरकारने नव्याने घडवलेल्या भागाच्या दाराशी आहे. ती जोमाने चालली. अमेरिकेतील कित्येक मॉलचे तसे नव्हते. तेथे गर्दी मोटारीने येते. जी गर्दी मोटारीने येते ती मोटारीने दुसरीकडेही जाऊ शकते, आणि घरबसल्या मागणी नोंदवू लागली तर अजिबात येत नाही. त्या देशात माणशी दुकानांची जागाही युरोपच्या मानाने कितीतरी जास्त. रिकार्डोच्या भाषेत सांगायचे तर कंपनीने चढ्या भावाने, आणि कर्ज काढून, कमी सुपीक जमीन घेतली.

मग २०२० मध्ये करोनाची साथ आली. मार्चमध्ये फ्रान्समध्ये टाळेबंदी झाली. गर्दी हाच ज्याचा माल, त्याच्यासाठी गर्दीच बेकायदा ठरली. भाडेकरू भाडे थकवू लागले. निव्वळ कर्ज सुमारे चोवीस अब्ज युरोंचे होते. २०१७ मध्ये दोनशे युरोंच्या पुढे असलेला शेअर २०२० च्या ऑक्टोबरात चाळीसच्याही खाली आला. प्रमुख क्रिस्तॉफ क्युव्हिलिए यांनी साडेतीन अब्ज युरोंचे नवे भांडवल भागधारकांकडून उभारण्याची योजना मांडली. तिला विरोध करायला उभे राहिले ते दूरसंचार क्षेत्रातील उद्योगपती ग्झाव्हिए निएल, आणि त्यांच्या जोडीला ज्यांनी ही कंपनी घडवली तेच लेआँ ब्रेस्लर. नवे भांडवल नको. अमेरिका विका आणि युरोपात परत या, असे त्यांचे म्हणणे होते. १० नोव्हेंबर २०२० च्या सभेत योजनेला आवश्यक ती दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत. काही दिवसांत ब्रेस्लर देखरेख मंडळाचे अध्यक्ष झाले आणि क्युव्हिलिए यांच्या जागी ज्याँ-मारी त्रिताँ आले.

त्यानंतरची वर्षे आवराआवरीची होती. तीन वर्षे लाभांश बंद राहिला. २०२४ मध्ये तो शेअरमागे अडीच युरो असा पुन्हा सुरू झाला. युरोपातील आणि अमेरिकेतील अनेक मालमत्ता विकल्या गेल्या. २०२३ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भर वस्तीतील मॉलचे ५५८ दशलक्ष डॉलर्सचे कर्ज फेडणे थांबवून कंपनीने आणि तिच्या भागीदाराने तो सावकारांच्या हवाली केला. अमेरिका पूर्णपणे सोडण्याचा बेत मात्र पुढे मागे पडला, कारण साथीनंतर तिथली निवडक संकुले सावरली. ८ एप्रिल २०२५ रोजी हॅम्बुर्गच्या बंदर भागात कंपनीचे नवे विशाल संकुल उघडले. त्याच्या बांधकामावर ऑक्टोबर २०२३ मध्ये पाच मजुरांचा बळी गेला होता. वाढीच्या हिशेबात ही नावे कोणत्याच रकान्यात येत नाहीत, म्हणून त्यांचा निदान येथे उल्लेख करते. त्याच वर्षी सौदी अरेबियातील एका कंपनीला 'वेस्टफील्ड' हे नाव वापरू देण्याचा करार झाला. पैसा भाड्याने देण्यापासून निघालेली कंपनी जागा भाड्याने देता देता आता नावही भाड्याने देऊ लागली आहे.

आपल्या दाराशी

हे सारे दूर देशीचे आहे असे कोणी म्हणेल. पण तोच करसवलतीचा सौदा आपल्याकडेही आला आहे. २०१४ मध्ये सेबीने स्थावर गुंतवणूक विश्वस्त संस्थांचे नियम केले. वाटण्याजोग्या उत्पन्नाचा निदान ९० टक्के भाग गुंतवणूकदारांना द्यायचा, ही त्यांतली मुख्य अट. २०२३ च्या मे महिन्यात केवळ मॉलवर आधारलेली देशातील पहिली अशी संस्था, नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट, शेअर बाजारात आली. तिच्या मालमत्तेत नवी मुंबईच्या सीवूड्स स्थानकावर उभारलेला मॉल आहे. लोकलमधून उतरणारी माणसे, वर दुकाने आणि त्या भाड्यात वाटा घेणारे गुंतवणूकदार. फोरम दे आलचा आराखडा आपल्याला ओळखीचा वाटावा तो यामुळेच. फायदा असा, की अशा मालकीत थोडे पैसे असलेला मध्यमवर्गीय माणूसही वाटेकरी होऊ शकतो. धोका कोणता, तो युनिबायच्या इतिहासावरून वाचकांच्या ध्यानात आला असेलच.

पुन्हा ले आलकडे वळते. २०१६ च्या एप्रिलमध्ये त्या जागेवर 'कानोपे' नावाचे काच आणि पोलादाचे पिवळसर छत उभे राहिले. स्थानक, बाग आणि संकुल यांच्या नूतनीकरणाचा एकूण खर्च सुमारे एक अब्ज युरोंच्या घरात गेला. त्यात कंपनीचाही वाटा होता, पण मोठा भार सार्वजनिक तिजोरीने उचलला. छताखाली पालिकेचे वाचनालय आहे, संगीतशाळा आहे, हिप-हॉप कलेचे केंद्र आहे. करार करताना शहराने हे मागून घेतले. माझ्या दृष्टीने या सबंध कथेतली सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट हीच. गर्दी निर्माण होण्याआधी, स्थानकाचा नकाशा टेबलावर असतानाच, शहराला मागता येते. वाचनालय मागता येते, बसायला बाके मागता येतात, वाढत्या भाड्यात वाटा मागता येतो. एकदा गाळे भरले की मागणी करायला फार उशीर झालेला असतो.

आमच्या गावच्या स्टँडचे काय व्हायचे ते होईल. नव्या स्टँडचा नकाशा पालिकेत मांडला जाईल तेव्हा वरच्या मजल्यावर किती गाळे, याची चौकशी करणारे पुष्कळ असतील. त्यात एक वाचनालय का नाही, असे विचारणारे कोणी असावे, आणि ते आपल्यासारख्या महाविद्यालयातून शिकून गेलेल्यांपैकी असावे, असे मला मनापासून वाटते.